चौथ्या प्रश्नाची पुरवणी

नेवासा
रविवार, ३ ऑगस्ट १९९७

गहिनी,

तुझा रामराम आणि माझा जयभीम, दोन्ही गेले पंधरा महिने ट्रंकेत घडी घालून पडलेत. म्हणून या पत्राला डोकं नाही, नुसतं धड आहे.

तू सुप्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतोस असं कळलं. नट-बोल्टांची लिंगं आणि वचनं एव्हाना लावून झाली असतील. वीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवलेल्या माणसाला हे काम हलकं वाटू नये. नटाला गाइड लागत नाही आणि बोल्ट परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट दुखतंय म्हणून सांगत नाही.

पत्राला कारण काही नाही. कारण असतं तर आधीच लिहिलं असतं.

अक्षर पाहून दचकू नकोस. ओळ हत्तीनं सुरू होते आणि मुंगीवर संपते. मला कंपवात झालाय. नगरच्या डॉक्टरांनी नाव उच्चारलं तेव्हा आधी त्याचा समास सोडवावासा वाटला, मग रडावंसं. चौऱ्याण्णवच्या दिवाळीपासूनचं आहे हे. आठवतं, तू स्टाफरूममध्ये म्हणायचास, "श्रीमंत्या, डावा हात खिशात घालून शिकवतोस, हिरो झालास काय?" तो हात खिशात नाचत होता, गहिनी. मी त्याला तिथं कोंडून ठेवला होता. तुला सांगितलं नाही. तुला न सांगितलेल्या गोष्टींची सुरुवात तिथून धर.

गोळ्यांनी हात पुष्कळ शांत झाला. पण आता माझ्या शरीरानं माझ्याशी पत्रव्यवहार बंद करत आणलाय. (तुझ्याकडून शिकलं असेल.) कप हातात आहे की नाही हे डोळ्यांनी विचारावं लागतं. मी ताठ बसलोय अशी माझी खात्री असते आणि छबू म्हणते, "आवो, डावीकडं कलंडलात. भित्तीला काय कानात सांगताय?" छातीत धडधडलं तर ती भीती आहे, भूक आहे की जिना चढलोय, हे मागचं-पुढचं आठवून ठरवावं लागतं.

आणि एक. हसू नकोस. माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं असतं. दिसत नाही, बोलत नाही. भर दुपारी, लख्ख उजेडात असतं. मी दारातून आत येताना बाजूला सरून त्याला वाट देतो. परवा बाकावर बसताना त्याच्यासाठी जागा सोडली, तिथं पोस्टमन बसला. मला फार अवघडल्यासारखं झालं.

तुझी दीपा काय करते? सहज विचारलं.

श्रीमंत


नेवासा
रविवार, २८ सप्टेंबर १९९७

गहिनी,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, तरी आठ आठवडे मी पोस्टमनला चहा पाजला. आता तो मला नातेवाईक समजतो.

या वेळी गंमत सांगतो. माझ्या हातांना एक छंद लागलाय. जे बांधलेलं दिसेल ते सोडायचं. बाजेची सुतळी सोडली. झाडू मोकळा करून काड्या लांबीप्रमाणे लावल्या; मग जाडीप्रमाणे; मग पुन्हा लांबीप्रमाणे. शाळेतल्या नकाशाच्या काठीची दोरी सोडली, तेव्हापासून आशिया खंड फरशीवर पडून आहे. यातलं एकही काम कुणी सांगितलेलं नसतं आणि कशाचाच उपयोग नसतो. पण गाठ सैल होऊ लागली की डोक्यात एक दिवा लागतो आणि तो विझू नये म्हणून पुढची गाठ धरावी लागते. जेवायला उठत नाही. भूक कळत नाही हे मागं लिहिलंच आहे.

छबू म्हणाली, "त्या झाडूनं काय घोडं मारलं तुमचं? आता घरात सोडायची मीच तेवढी ऱ्हायले. मलाबी सोडा, जाते माहेरला."

तिनंच डॉक्टरांसमोर हे काढलं. मी तिथं खेकसलो, "घरातल्या गोष्टी इथं कशाला?" डॉक्टर पोरसवदा आहेत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सर, हे कधीपासून?" मी म्हणालो, "अलीकडेच." छबू म्हणाली, "खोटं. डोस वाढीवल्यापासनं. औंदाचा न्हाई, त्याच्या आधीचा उन्हाळा." डॉक्टरांनी सांगितलं, की या गोळ्यांनी काही लोकांत असं होतं असं बाहेरचे डॉक्टर नुकतं लिहू लागलेत, खात्री कुणालाच नाही, पण आपण गोळी कमी करून पाहू.

खांद्यामागच्या पाहुण्याबद्दलही विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुधा तुमच्याच शरीराची खबर मेंदूला उशिरा आणि वाकडी पोचते; ती आपली आहे हे मेंदूला ओळखू येत नाही, म्हणून तो दुसरा माणूस उभा करतो. थोडक्यात, माझ्यामागे मीच उभा आहे. कुणी अनोळखी असता तर बरं झालं असतं, गहिनी. भूत असतं तरी निदान उतारा टाकता आला असता.

छबूनं सांगितलेला तो उन्हाळा कोणता, हे तुझ्या ध्यानात आलं असेल.

आज इतकंच.

श्रीमंत


नेवासा
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

गहिनी,

आज गंमत नाही.

एप्रिल शहाण्णव. आपल्या प्रवरातीर संस्कृत परीक्षेचे एक्केचाळीस पेपर तू माझ्या घरी आणून दिलेस. तू कार्यवाह, मी परीक्षक. बैठक क्रमांक फक्त मुख्य पेपरावर. पुरवण्यांवर काही नाही, पोरांनी स्वतः पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या. पुरवणीवरही क्रमांक घालू, असं मी म्हणालो होतो. तू म्हणालास, "संस्कृतच्या पोरांवर एवढा तरी भरवसा ठेव." तू पोरांचाच विचार केला होतास. परीक्षकाचा केला नव्हतास.

छबू भावाच्या लग्नाला गेली होती. पहिल्या पेपराचा दोरा जरा सैल होता. घट्ट करावा म्हणून सोडला.

तीन दुपारी लागल्या. सगळे सोडले. पुरवण्या आधी शाईच्या गडदपणाप्रमाणे लावल्या, मग समासाच्या रुंदीप्रमाणे. खोलीभर पानं. इतका आनंद मला आयुष्यात कशानं झाला नव्हता, एम.ए.च्या निकालानंही नाही. हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहितो, नाहीतर वगळलं असतं.

चौथ्या दिवशी ते ओसरलं आणि शुद्धीवर आल्यासारखं मी खोलीकडे पाहिलं. मग अक्षरं जुळवून पुन्हा बांधायला बसलो. बहुतेक सहज जुळले. घोटाळा तुझ्या वर्गानं केला. तू पोरींचं अक्षर इतकं घोटून घेतोस की चौघीजणी हुबेहूब तुझ्यासारखं लिहितात. तुझी स्वतःची लेक तेवढी बंडखोर. तिचं अक्षर वाऱ्यात आडव्या झालेल्या ज्वारीसारखं. शेवटी एक पुरवणी उरली. चौथ्या प्रश्नाची, तुझ्या वळणातली, सुंदर. चौघींचे पेपर बांधून झाले होते. दीपाचा पेपर बारीक दिसत होता. मला वाटलं, एखाद्या पानावर तिनं बापाचं ऐकलं असेल. बांधली.

तपासताना दिसलं की दीपानं चौथा प्रश्न मुख्य पेपरात आधीच सोडवलाय, तिरप्या अक्षरात. आणि त्या चौघींतल्या माधुरीच्या पेपरात चौथा प्रश्नच नाही. तेव्हा मला कळलं. हो, तेव्हाच. पेपर दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. मी दीपाच्या उत्तरावर न वाचता तांबडी रेघ मारली आणि त्या सुंदर पानाला दहापैकी नऊ दिले.

दीपा पहिली आली. कुणीतरी फेरतपासणी मागितली. पुढचं, तुझी शाळा सुटेपर्यंतचं, तुला माहीत आहे, पण मी कुठून पाहिलं ते माहीत नाही. आप्पासाहेबांनी समितीसमोर ते पान तुझ्यापुढं धरलं. "गहिनीनाथराव, अध्यक्ष म्हणून विचारतो. मुलीच्या पेपरात हे अक्षर कुणाचं?" तू पाहिलंस आणि ओळखलंस. माधुरीचं अक्षर तू हजारात ओळखशील. पण तिचं नाव घेतलं असतंस तर तिनंच दीपाला लिहून दिलं असं झालं असतं. तू गप्प राहिलास. बापानंच पान सरकवलं असं सगळ्यांनी धरलं, तरी गप्प राहिलास.

मग तू माझ्याकडे पाहिलंस.

आप्पासाहेबांनीही पाहिलं. "श्रीमंतराव, तुमच्याकडे पेपर आले तेव्हा दोरे जसेच्या तसे होते? तुम्ही दिलेत तेव्हाही?"

मी म्हणालो, "होते."

गहिनी, त्या क्षणी मला काहीच झालं नाही. घाम नाही, धडधड नाही, घसा कोरडा नाही. लाज ही अंगात यावी लागते आणि माझं अंग तेव्हा माझ्या ओळखीचं नव्हतं. वाटलं, काही झालं नाही म्हणजे काही वाईट केलं नाही. खोलीतून बाहेर पडलो तेव्हा पहिल्यांदा डाव्या खांद्यामागे कुणीतरी चालू लागलं.

का म्हणालो, तेही लिहितो. एक्क्याण्णव साली मला पेपर द्यायला समिती कां-कूं करत होती. तू म्हणालास, साळव्याला पेपर मिळणार नसतील तर कार्यवाह म्हणून माझंही नाव खोडा. पाच वर्षं मी एक एक गुण तीनदा मोजला. माझ्या हातून दोरा सुटला असता तर तो एकट्या श्रीमंत साळव्याच्या हातून सुटला नसता. आमच्या सगळ्यांच्या हातून सुटला असता. दरवाजा माझ्यामागं येणाऱ्या प्रत्येकासाठी लागला असता. हे खरं आहे. आणि या खऱ्याच्या आड मी लपलो, हेही खरं आहे.

आता गोळी कमी झालीय. हातांना गाठी दिसत नाहीत. झाडू शाबूत आहे. मी मात्र लाकूड झालोय, कूस बदलायला छबू लागते. पण हिशेब स्वच्छ दिसतो. दोरे सोडले ते गोळ्यांनी. "होते" म्हणालो तो मी.

समितीची बैठक जानेवारीत आहे.

श्रीमंत


नेवासा
रविवार, १८ जानेवारी १९९८

गहिनी,

बैठकीचा वृत्तान्त. माजी कार्यवाहाला कळायला हवा.

छबूनं मला धरून नेलं. दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटले. मागं लोक थांबले. छबू हळूच म्हणाली, "उंबऱ्यावर साप हाय समजा आन् टांग टाका." टाकली. हा उपाय डॉक्टरांचा आहे, साप तिचा.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. पण माझा आवाजही अक्षरासारखा झालाय, निघतो मोठा आणि पोचतो बारीक. त्यात आप्पासाहेबांना कमी ऐकू येतं. "काय म्हणालात?" पुन्हा सांगितलं. "जरा मोठ्यानं, श्रीमंतराव." तिसऱ्यांदा सांगितलं. अपराध तीनदा कबूल केला तरी तो टेबलापलीकडे जाईना. शेवटी छबू दारातून ओरडली, "ते म्हनत्यात, दोरे म्याच सोडले! पान माधुरीचं हुतं! गहिनीभावजींचा न् पोरीचा काय बी दोष न्हाई!"

हे सगळ्यांना ऐकू आलं. बहुधा बाहेरच्या पानवाल्यालाही.

आप्पासाहेब वाईट माणूस नाहीत. मग त्यांनी स्वतः ठरावाचा मसुदा केला: औषधाच्या परिणामामुळे परीक्षकांकडून अनवधानाने असे घडले, सबब गहिनीनाथराव व कु. दीपा निर्दोष. मला म्हणाले, "यात तुमचीही अब्रू राहते."

मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मी म्हणालो, हे अर्धं आहे. पुढं लिहा: विचारले असता परीक्षकांनी जाणूनबुजून खोटे उत्तर दिले, त्यास औषध कारण नाही.

"कशाला?" आप्पासाहेब म्हणाले. "आजारी माणसाला कोण दोष देतं?"

"आजारानं माझा हात नेला, पाय नेला, आवाज नेला," मी म्हणालो. "हा दोष तेवढा माझा राहू द्या."

लिहिलं त्यांनी. मसुद्याची भाषा मीच दुरुस्त केली, तीन ठिकाणी चुकली होती. माझं परीक्षकपद गेलं. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "म्हणूनच तेव्हा आम्ही सांगत होतो..." वाक्य त्यानं अर्धवट सोडलं. सात वर्षं मी ज्या वाक्याला भ्यालो ते हेच. ऐकलं आणि उभा राहिलो. तसं मला नीट उभंही राहता येत नाही.

माधुरीला शाळेत बोलावून तिचे नऊ गुण सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलं होतं सर, मी ते पान स्वप्नात लिहिलं."

पाहुणा बैठकीला होता. परतताना आमच्याबरोबर घरी आला.

श्रीमंत


नेवासा
रविवार, १ मार्च १९९८

गहिनी,

काल दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. छबू दळण आणायला गेली होती. डाव्या खांद्यामागे नेहमीचं माणूस. मी हल्ली वळून पाहत नाही. पाहिलं की कुणी नसतं आणि मान तिकडेच अडकते. त्याच्याशी बोलतो मात्र. कालही बोललो. "दोन वर्षं उभा आहेस. जे करायचं ते मी केलं. गहिनीला लिहिलं, समितीला सांगितलं. पोरीला तेवढं तोंड दाखवायचं राहिलं, ती हिंमत माझ्यात नाही. आता तरी बस की."

"कुठं बसू सर?" मागून आवाज आला.

मी किंचाळलो, असं ती म्हणते. मला ते ऐकू आलं नाही.

दीपा होती. सुप्याहून एसटीनं आलेली, तुला न सांगता. तुझं नाक आणि तुझीच भुवई वर करायची सवय. तिनं बाजूची चटई ओढली आणि माझ्या समोर, उजेडात बसली. बाप माझी पत्रं न उघडता ट्रंकेत टाकतो, आणि लेक ती उघडून, वाचून, डिंकानं पुन्हा चिकटवते, हे तिनं कसलीही लाज न बाळगता सांगितलं.

"समितीचं पत्र बाबांनी उघडलं," ती म्हणाली. "वाचलं. जेवताना म्हणाले, ठरावाची भाषा श्रीमंत्याची आहे."

गहिनी, हे ऐकून छातीत काहीतरी झालं. भूक नव्हती. जिनाही चढलो नव्हतो.

मग तिनं विचारलं, "सर, तुम्ही 'होते' म्हणालात, ते खरंच गोळ्यांमुळं नव्हतं?"

"नव्हतं."

"नक्की?"

"ठरावात लिहून घेतलंय."

तिनं मान हलवली. माफ केलं नाही आणि मीही मागायचं धाडस केलं नाही. तिनं पिशवीतून तिचा जुना पेपर काढला. समितीनं परत दिलेला. चौथ्या प्रश्नावर माझी तांबडी रेघ आडवी.

"सगळे त्या दुसऱ्या पानाबद्दलच बोलले," ती म्हणाली. "बाबा, आप्पासाहेब, तुम्ही. माझं उत्तर कुणी वाचलंच नाही. मला किती पडले असते?"

मी चष्मा मागितला. माझ्याच रेघेखालून तिची तिरपी अक्षरं वाचायला बराच वेळ लागला. आपल्या नदीवर दहा ओळी लिहायच्या होत्या. तिनं सात लिहिल्यात. तिसरी ओळ फार चांगली आहे: पाणी आटलं की माणसं नदीला रस्ता म्हणतात. बाकी घसरगुंडी.

"दीपे, तुझी प्रवरा उलटी वाहते. विभक्ती चुकल्यामुळं ती डोंगराकडे निघालीय."

"उन्हाळ्यात ती कुठंच वाहत नाही सर. आपल्याला पाहिजे तिकडं समजायचं."

"साडेतीन," मी म्हणालो.

"दहापैकी?"

"दहापैकी."

"चार करा की. दोन वर्षं थांबलेय मी."

"थांबायचे गुण नसतात."

ती हसली. तुझ्यासारखी, नाकातून. मग तिनं लाल पेन माझ्या हातात दिलं आणि माझा हात कागदापर्यंत नेला. आकडा तेवढा मीच काढला. तीन हत्तीएवढा आला, अर्धा मुंगीएवढा. खाली सही केली, तारीख घातली. पेपराचा दोरा सुटून लोंबत होता. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि म्हणालो, तूच बांध. तिनं बांधला.

चारच्या गाडीनं ती गेली. छबूनं बळंच भाकरी बांधून दिली. गाडी वळल्यावर मी मागं पाहिलं. पाहुणा होता. तो जाणार नाही, हे डॉक्टरांनाही माहीत आहे आणि मलाही. पण काल मी ओट्यावर सरकून त्याला जागा दिली आणि मला वाटतं, तो बसला.

हे पत्र दीपाला देणार होतो. ती म्हणाली, "पोस्टानं पाठवा. या वेळी मी उघडणार नाही. बघू काय करतात."

तेव्हा तू हे वाचत असशील तर पाकीट तूच फोडलं आहेस. ऐक. तुझ्या मुलीला चौथ्या प्रश्नात साडेतीन गुण दिले आहेत. कमी वाटत असतील तर फेरतपासणीसाठी पालकानं स्वतः हजर राहावं लागतं. ओट्यावर उजवी बाजू मोकळी आहे.

श्रीमंत